घोषणेचा पहिला अर्धा

चपलेचा पट्टा तुटला म्हणून विद्यापीठाच्या मागच्या फाटकाशी चपला शिवणाऱ्या काकांसमोर मी एका पायावर उभी होते, आणि कोपऱ्यावरून माझाच आवाज वळून आला. आधी आवाज, मग त्याच्या मागून छताला दोन कर्णे बांधलेली गाडी. "एकीलाही हात लावू देणार नाही," मी ओरडत होते, "आपल्यातल्या एकीलाही." मग खरखर, मग टाळ्या, मग कुणा पुरुषाचा गुळगुळीत गळा: विद्यार्थिनींचा विश्वास, भावी अध्यक्ष, परवाच्या मतदानाला विसरू नका. गाडी अगदी सावकाश जात होती, बघा बघा म्हणत. मला तिच्यामागे धावायचं होतं. काच फोडायची होती, कर्णे उपटायचे होते. पण एक चप्पल काकांच्या गुडघ्यांत दाबलेली आणि तो पाय दुसऱ्या पायावर टेकवलेला, अशा अवस्थेत माणसाला नुसतं लाल होता येतं. काकांनी दातांतला दोरा काढला आणि म्हणाले, "सकाळपासून ही बाई किंचाळतीय. डोकं उठवलं नुसतं." मीच ती, असं म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो ना." त्या "हो ना"चा मला गाडीपेक्षा जास्त राग आला.

ते वाक्य माझं होतं, नाकारत नाही. मुलींच्या अभ्यासिकेला संध्याकाळी सातला कुलूप लागायचं आणि मुलांची मात्र पहाटेपर्यंत उघडी, एवढी साधी गोष्ट होती, आणि त्यासाठी आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. मी तेव्हा ते वाक्य बोलले ते मनापासून बोलले. आणि आज, ऑफिस बंद व्हायच्या आत, माझ्याच खोलीतल्या मुलीने वसतिगृह सोडायचं असा हुकूम निघालेला होता. खोली गेली की या शहरात तिला राहायला जागा नाही, म्हणजे शेवटची परीक्षा नाही, म्हणजे भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसणं. आणि तिचा भाऊ एकदा बसवलं की उठू देणाऱ्यातला नाही. हे संघटनेतल्या एकूण एकाला ठाऊक होतं. भावीला तर मीच सांगितलं होतं. त्याला सगळे भावीच म्हणतात. पहिल्या वर्षापासून त्याच्या फलकांवर नावाआधी तो शब्द असतो, आणि आता आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपुरतं उरलंय. तर या भावीला सगळं ठाऊक असून त्याने माझा आवाज काढला, धुतला, पुसला आणि रिकाम्या डब्यात दुसरंच काही भरून ठेवावं तसं त्यात स्वतःला भरलं. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते का? कदाचित म्हणाले असते, पंधरवड्यापूर्वी. म्हणून आणखी राग.

मुंगी हे तिचं नाव मीच ठेवलं. वसतिगृहात आली त्या दिवशी आपल्याहून मोठी पत्र्याची पेटी ओढत तिसऱ्या मजल्यावर चढली होती, आणि मी "थांब, धरू लागते" म्हणेस्तोवर वर पोचलीसुद्धा. ती रसायनशाखेची. तिच्या बोटांना सदा कसला तरी पिवळा डाग असायचा, कपड्यांना प्रयोगशाळेचा उग्र वास, आणि तिला राजकारणातलं काडीचं कळत नव्हतं. मी रात्री मोर्च्यांच्या गोष्टी सांगायची, ती ऐकता ऐकता झोपून जायची. मला त्याचा राग यायचा. मी म्हणायची, "मुंगे, तू कशी गं अशी, जग जळतंय आणि तू समीकरणं मांडतेस." ती म्हणायची, "मग तुमचं अभ्यासिकेचं मिळालं की सांग, मला बसायचंय तिथे. खोलीत तू फार बोलतेस." ज्या संध्याकाळी कुलूप तुटलं त्या संध्याकाळी ती प्रयोगशाळेतच होती. आम्ही सगळ्या पायऱ्यांवर. मी घोषणा देत होते, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर भावीचा उजवा हात, ज्याला सगळे पहिलवान म्हणतात, तो लोखंडी सळईने कडी उचकटत होता. कुणी सांगितलं नव्हतं तसं. भावीने फक्त भुवई उडवली, ती मी पाहिली. मी पहिला अर्धा टाकायची, "दार खुलं", गर्दी दुसरा अर्धा द्यायची, "झालंच पाहिजे", आणि त्या "झालंच"वर पहिलवान सळई हाणायचा. ताल जमला होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ते आवडलंही. कुलूप तुटलं, फोटो निघाले, भावीने दारात उभं राहून मूठ वर केली, आणि मग सगळे विजयी मिरवणुकीने मोठ्या फाटकाकडे गेले. आत कुणी गेलं नाही. एकही नाही. मुंगी प्रयोगशाळेतून परत येत होती, तिला दार उघडं दिसलं, ती आत गेली, दिवा लावला आणि अभ्यासाला बसली.

मला हे कुणाला समजावून सांगता येत नाही. महिनाभर आम्ही गळे फाडले ते मुलींना तिथे बसता यावं म्हणून, आणि बसली ती एकटीच. पहारेकरी मामांना ती सापडली तेव्हा तिने त्यांना म्हटलं म्हणे, "मामा, एवढा धडा होऊ द्या." टेबलावर पुस्तक, दारात तुटकं कुलूप, आत एक मुलगी. चौकशीला आणखी काय लागतं? पुढे बोलणी झाली. भावी आणि आणखी तिघे कुलगुरूंकडे जाऊन आले आणि अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी राहील असं जाहीर झालं. आम्ही नाचलो. त्या नाचात कुणीतरी हळूच म्हणालं की विद्यापीठाच्या मालमत्तेची नासधूस झाली त्याबद्दल मात्र एकीवर कारवाई होईल, तेवढं सोडून द्यावं लागलं. सोडून द्यावं लागलं. जणू ताटात जास्तीचं वाढलं होतं.

आज सकाळी मुंगी पेटी भरत होती. म्हणजे भरत होती आणि मध्येच रिकामी करत होती, कारण तिला अजून आशा वाटत होती. "तू चल ना माझ्याबरोबर," ती पाठमोरीच म्हणाली. "वॉर्डनबाई म्हणाल्या, कुलूप तोडताना ज्याने पाहिलं असेल त्याने येऊन माझ्यासमोर सांगावं. कुणीही एकाने. हुकूम थांबवते म्हणाल्या."

"त्या काय थांबवतायत. त्यांच्या हातात काय आहे?"

"म्हणाल्या ना पण."

"आपण विनवण्या करायला जायचं नाही, मुंगे. संध्याकाळी सभा आहे, सगळ्यांसमोर विषय काढते मी."

"आधी ये. जरासं तर काम आहे. मग घे की सभा." ती वळली. तिच्या हातात माझाच टॉवेल होता. तो तिने पेटीत भरला होता आणि आता बाहेर काढत होती. "तू पाहिलंयस ना, कुणी तोडलं ते?"

"पाहिलंय."

"मग झालं."

"बघते," मी म्हटलं. बघते. हा शब्द मी भावीकडून शिकले असणार.

चप्पल शिवून झाली आणि मी तडक संघटनेच्या खोलीवर गेले. जिन्याखालची खोली आहे ती, वाकून आत शिरावं लागतं, आणि तिथे खळीच्या बादलीचा आंबूस वास कायम असतो. कोपऱ्यात मागच्या वर्षीचे फलक उलटे ठेवलेले, त्यांच्या पाठीवर यंदाचं लिहायचं म्हणून. पहिलवान टेबलावर बसून पाय हलवत शेंगा खात होता आणि टरफलं बादलीत नेम धरून टाकत होता. भावी शर्टाची घडी न मोडता खुर्चीत बसला होता. हे त्याला जमतं. दिवसभर उन्हात फिरून आला तरी आत्ताच इस्त्री केल्यासारखा दिसतो, आणि मला तेव्हा कळायला हवं होतं की अशा माणसाच्या अंगाला काही लागत नाही.

"गाडी थांबव," मी म्हटलं.

"कुठली गाडी?"

"माझा आवाज फिरवतोयस ती."

"अगं, तुझा एकटीचा आहे का तो? चळवळीचा आवाज आहे." तो हसला. "बस. पाणी घे आधी. गळा जप, संध्याकाळी लागणार आहे."

"मुंगीला आज काढतायत."

"माहीत आहे गं." त्याने चेहरा पाडला. खरंच पाडला, ढोंग नव्हतं ते; त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटण्यापलीकडे त्याचं काही बिघडत नव्हतं. "कुणाला तरी बसणारच होतं. आपल्यातल्या कुणाला बसलं असतं तर संघटनाच बसली असती. आणि ती तर सभासदही नाही."

"कुलूप याने तोडलंय."

"मी?" पहिलवानाने एक शेंग फोडली. "मी तर तुझ्या तालावर हात चालवत होतो, भोंगाताई. तूच म्हणत होतीस, झालंच पाहिजे."

तो एकटाच हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मी वॉर्डनबाईंना जाऊन सांगते. आत्ता."

"जा की," भावी म्हणाला. "कोण अडवतंय? पण तिथे जाऊन तू बोलणार काय? मागे शिष्टमंडळात नेलं होतं तुला, आठवतं ना? तोंडातून अक्षर फुटलं नाही. सगळं मला निस्तरावं लागलं." तो हे अगदी मायेने बोलत होता. "ते तुझं मैदान नाही. तुझं मैदान हे. माइक घे, तिला परत घ्या म्हण, आम्ही सगळे आहोत मागे. समोरच वॉर्डनबाईंची खिडकी आहे, ऐकतील त्या. तुझ्या आवाजापुढे वॉर्डन काय चीज आहे."

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं त्याने. ते शिष्टमंडळ मी विसरलेली नाही. जाड गालिचा, पंख्याचा आवाजसुद्धा न येणारी खोली, आणि टेबलापलीकडे चष्मा पुसणारे कुलगुरू म्हणाले, "हं, बोला." मला बोलता आलं नाही. माझे ओठ हलले, आतून जे निघालं ते कुजबुजीसारखं निघालं, आणि कुलगुरूंनी कानामागे हात धरला. कुणाला सांगू की मला दोनच आवाज येतात? आमच्या घरी बाबा पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. सकाळी घरी यायचे, अंगाला पिठाचा नि भट्टीचा वास, आणि एकुलत्या एका खोलीत दिवसभर झोपायचे. त्या झोपेभोवती आमचं घर चालायचं. आई भांडी फडक्यात गुंडाळून ठेवायची. दाराच्या बिजागरीत तेल. मला बोलायला शिकवताना पहिला शब्द म्हणे आई शिकवला नाही, बाबा नाही, "हळू" शिकवला. हाक मारायची नाही, टिचकी वाजवायची. भूक लागली तर पोटावर हात. भांडायचं ते मागच्या गॅलरीत, तेही चिमटे काढून. माझा धाकटा भाऊ एकदा पडला, गुडघा फुटला आणि त्याने तोंड उघडलं तर आईने आधी त्याचं तोंड दाबलं, रक्त नंतर पुसलं. मी आईवर रागावत नाही. बाबांच्या झोपेवर आमचं सगळं उभं होतं. पण मग अठराव्या वर्षी विद्यापीठाच्या पटांगणात कुणीतरी म्हणालं, मागून जरा जोरात द्या, आणि माझ्या आतून जे बाहेर आलं त्याने पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. त्या दिवसापासून मी भोंगा. अख्ख्या बालपणाचा साठा होता तो. मी सुट्टीत घरी जाते तेव्हा अजून कुजबुजते, आणि इथे किंचाळते, आणि या दोन्हींच्या मधलं, माणसं दुकानात, कचेरीत, एकमेकांसमोर बसून जे बोलतात ते, मला कुणी शिकवलंच नाही. भावीला हे माहीत होतं. त्याने ते कधीच हेरून ठेवलं होतं.

म्हणून मी ठरवलं की त्याच्याच माइकवरून त्याला उघडा पाडायचा. त्याने मला ढकललं म्हणून नव्हे, मी ठरवलं म्हणून, असं मी वसतिगृहाचा जिना चढताना स्वतःला बजावत होते. सगळ्यांसमोर सांगायचं: कुलूप कुणी तोडलं, मोबदल्यात कुणाला दिलं. एका बाईच्या बंद खोलीत जाऊन कुजबुजण्यापेक्षा हे मोठं नव्हतं का? हजार कानांवर गेलेली गोष्ट कुणाला पुसता येणार होती? मला ते इतकं बरोबर वाटलं की दुपारभर मी आनंदात होते. रागातला आनंद, तो फार वाईट. जेवण चांगलं गेलं त्या दिवशी मला.

सभा नेहमीच्या जागी, कचेरीची इमारत आणि मुलींचं वसतिगृह यांच्या मधल्या अंगणात. टेबलं जोडून केलेलं व्यासपीठ, त्यावर चादर, एक पाय डुगडुगणारा. समोर मुलं-मुली खाली बसलेली, मागे सायकलींना टेकून उभी राहिलेली, आणि त्यांच्या मागे येणारे-जाणारे. माझ्या डाव्या हाताला पहिल्या मजल्यावर वॉर्डनबाईंच्या खोलीची खिडकी, उघडी. आधीचा वक्ता लांबत होता. मला मुंगी दिसली. तिने पेटी कचेरीच्या पायरीशी ठेवली, हात झटकले आणि माझ्याकडे पाहिलं. खूण केली नाही काही. नुसतं पाहिलं, बस थांब्यावर आपली बस येतेय का पाहावी तसं, आणि मग आत गेली. अजून वेळ होता. मी टेबलावरून उडी मारली असती, तिच्या मागोमाग जिना चढले असते, तर दार ढकलून आत उभं राहायला कितीसा वेळ लागला असता? पण भावी माझ्या हातात माइक देत होता. माइक गरम होता, आधीच्या माणसाच्या घामाने ओला. मी तो घेतला. त्या खोलीची मला भीती वाटत होती हे आत्ता म्हणते. तेव्हा मी त्याला तत्त्व म्हणत होते.

आधी नेहमीच्या घोषणा द्याव्याच लागतात. लोक गप्पांत असतात, त्यांना गोळा करून आणावं लागतं. "दार खुलं," मी म्हटलं. "झालंच पाहिजे," अंगण म्हणालं. "रात्रभर खुलं." "झालंच पाहिजे." तिसऱ्या खेपेला मागचे सायकलवालेही आले. छान जमले होते. मग मी श्वास घेतला आणि म्हणाले, "कुलूप कुणी तोडलं ते मी पाहिलंय."

"झालंच पाहिजे," अंगण म्हणालं.

काही जण हसले. मला वाटलं, चुकून झालं. गाडी थांबवली तरी चाक थोडं पुढे जातंच. मी पुन्हा म्हटलं, अधिक जोरात, "ज्याने तोडलं तो इथेच बसलाय."

"झालंच पाहिजे."

आणि मला कळलं की चूक त्यांची नाही. माझा आवाज वाक्याच्या शेवटी त्याच जागी चढत होता, त्याच जागी तुटत होता, आणि माझा उजवा हात माझ्या नकळत वर जात होता. चार वर्षं मी या माणसांना शिकवलं होतं की मी इथे थांबले की तुम्ही तिथून उचला. शब्द कुणी ऐकत नव्हतं. शब्द ऐकायचे असतात असं मीच त्यांना कधी सांगितलं होतं? मी आवाज खाली आणायला गेले तर तो थेट घरच्या कुजबुजीत पडला आणि माइकमधून नुसती फुस्स हवा आली, मागून कुणी ओरडलं, "आवाज, आवाज." मग संतापाने मी तो वर फेकला. "जिने नाही तोडलं," मी किंचाळले, "तिला आज बाहेर काढतायत."

"झालंच पाहिजे."

असा प्रतिसाद मला कधी मिळाला नव्हता. मुठी वर, चेहरे फुललेले, पहिल्या रांगेतली एक मुलगी, जिला मुंगीने गेल्या परीक्षेत रात्र रात्र बसून शिकवलं होतं, ती डोळे मिटून ओरडत होती. मी म्हटलं, "ऐका." त्यांनी त्यालाही उत्तर दिलं. मी म्हटलं, "अरे, गप्प बसा, ऐका," आणि त्यालाही. मी वळून भावीकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्याचा चेहरा उतरला असेल, तो माइक हिसकावून घेईल, निदान पहिलवानाला खूण करेल. तो उठला, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानेही मूठ वर केली. माझ्या कानाशी म्हणाला, "चालू दे. मस्त चाललंय." माझ्या आधी त्याला कळलं होतं. त्याला बहुतेक दुपारीच कळलं होतं. शिव्या मला येतात, पण त्याला पुरेल अशी एकही आठवेना. आणि तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून एक हात बाहेर आला, बांगडी नसलेला, गोरटेला, म्हातारा हात, आणि त्याने खिडकीचं दार ओढून घेतलं. मी माइक खाली टाकला. तो टेबलावर आपटला तेव्हा कर्ण्यातून मोठा धडाम् आवाज झाला आणि त्यालाही टाळ्या पडल्या.

गर्दी मला वाट देईना. "काय बोललीस गं," कुणी पाठीवर थाप मारली. "अंगावर काटा आला." मी कोपरं मारत बाहेर निघाले. कचेरीच्या पायरीशी पेटी नव्हती. शिपाई जिन्यावरून किल्ल्यांचा जुडगा हलवत उतरत होता, म्हणाला, "बाई गेल्या." मी मोठ्या फाटकाबाहेर पळाले.

मुंगी थांब्यावर पेटीवर बसली होती. रांगेत तिच्या पुढेमागे माणसं होती, कामावरून सुटलेली, पिशव्या घेतलेली. तिने मला पाहिलं आणि थोडी सरकली, पेटीवर मला बसता येईल एवढी. मी बसले नाही.

"झाली सभा?"

"मुंगे, मी त्यांना सांगत होते. मी सगळं सांगायला गेले आणि ते, ते तसं..."

"ऐकलं मी." तिने पिवळ्या बोटाने पेटीची कडी खालीवर केली. "माझा ठराव एकमताने पास झाला म्हणायचा." ती हसलीसुद्धा जराशी. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारायला हवी होती.

"वॉर्डनबाई?"

"बसवून ठेवलं ना त्यांनी मला. म्हणाल्या, येऊ दे तुझी मैत्रीण, थांबू आपण. कुलूप लावायला आलेल्या शिपायाला दोनदा परत पाठवलं. मग तो गोंगाट सुरू झाला. उठून त्यांनी खिडकी लावली, आणि मला विचारलं, तुझी मैत्रीण म्हणजे हीच का."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. काय म्हणणार?" तिने वर पाहिलं. मला वाटलं आता रडेल, पण तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत राग होता. मुंगीला राग येतो हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं खोलीतला सगळा राग मीच वापरत होते. "सांग आता."

"काय?"

"कुलूप कुणी तोडलं. तू मला नीट कधी सांगितलंच नाहीस. मी आले तेव्हा तुटलेलंच होतं. सांग ना, बसला वेळ आहे अजून."

"आता सांगून काय उपयोग?"

"सांग."

मी सांगितलं. "पहिलवानाने तोडलं," मी म्हणाले. "लोखंडी सळईने. मी पायऱ्यांवर होते, हातभर अंतरावर. भावीने त्याला भुवईने खुणावलं ते मी पाहिलं. फोटो काढून झाल्यावर सगळे मोठ्या फाटकाकडे गेले, मीही गेले. तू त्यानंतर आलीस." मी बोलत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की मी कुजबुजत नाहीये, ओरडतही नाहीये. रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पिशवी दुसऱ्या हातात घेत माझ्याकडे पाहिलं. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू गेला होता. कुणी उत्तर दिलं नाही.

बस आली. रांग हलली. मुंगी उठून उभी राहिली आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची कुणीच नव्हते, किंवा मीच तिची सगळ्यात जवळची होते, दोन्हींत मला फरक करता येईना.

"एवढंच," ती म्हणाली. "एवढंच बोलायचं होतं तुला."

मी पेटीच्या एका कडीला हात घातला. तिने दुसऱ्या बाजूने ती ओढून घेतली, पहिल्या दिवशी ओढली होती तशीच, आणि एकटीनेच वर चढवली.